पास नंबर चौदा

"आत जायचं असंल तर पास," आकाराम हवालदार म्हणाले आणि त्यांनी फाटकात हात आडवा धरला.

रंगूबाई थबकली. मळेवाडीच्या त्या बेदाण्याच्या शेडमध्ये ती एकोणीस वर्षं मणी निवडत होती. शेडवर पत्रे नव्हते, नुसती जाळी होती, तेव्हापासून. "ह्यो काय पदराला लावलाय," ती म्हणाली. "नंबर दोन. टाचणी तुमीच दिली न्हवं?"

"त्यो तुमचा झाला. हिचा कुठं हाय?"

रंगूबाईच्या ओंजळीत हिरव्या खणावर मनुबाई बसली होती. मनुबाई म्हणजे मळेवाडीची गावदेवी. देऊळ ओढ्याकाठी, पण हा तळहाताहून लहान चांदीचा टाक रंगूबाईच्या देव्हाऱ्यातला. पिढ्यान् पिढ्यांच्या बोटांनी पुसून पुसून नाकडोळे गुळगुळीत झालेला. शेडमधून माल निघाला की मनुबाईने सोबत जायचं, ही तिथली रीत. सांगलीच्या बाजाराला जाणाऱ्या टेम्पोत तिला खोक्यावर बसवायचं आणि संध्याकाळी ड्रायव्हरने परत आणून रंगूबाईच्या पदरात घालायचं. लेक पहिल्यांदा सासरी निघाली की पाठराखीण जाते ना सोबत, तशी.

"आवं हवालदार, देवीला कसला पास?"

"देवी हाय ते मला बी कळतंय." हवालदारांनी खरोखरच हात जोडले, मग पुन्हा एक हात आडवा केला. "पर कागदावर लिवलंय, आत जाईल त्याची नोंद. देव सोडून, असं लिवल्यालं न्हाई."

हवालदार साताऱ्याकडचे. चोवीस वर्षं पलटणीत काढलेली. बर्फात उभे राहिलेले, वाळवंटात उभे राहिलेले, आणि आता आष्ट्याच्या अलीकडे उसाच्या आणि द्राक्षाच्या मधोमध उभे होते. उभं राहण्यात त्यांनी कधी भेद केला नव्हता. त्यांनी वही उघडली आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: मनुबाई, मुक्काम मळेवाडी. काम: सोबत. आत: दहा वाजून वीस. पास नंबर चौदा. मग लाल दोऱ्यात ओवलेला तो पास त्यांनी हलक्या हाताने टाकाच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "जावा आता."

तो कागद हॉलंडातल्या रॉटरडॅमहून, बेदाणा विकत घेणाऱ्या कंपनीकडून आला होता. सोळा पानं. माल परमुलखात धाडणाऱ्याने काय काय काळजी घ्यायची त्याची यादी: शेडला कुंपण, फाटकावर पहारा, येणाऱ्या-जाणाऱ्याची वही, रिकामा कंटेनर सात ठिकाणी ठोकून तपासायचा, भरताना फोटो काढायचे, भरून झाल्यावर दाराला बोटभर जाडीचं पोलादी सील ठोकायचं आणि त्याचा नंबर कळवायचा. तिकडच्या बंदरात म्हणे कंटेनरातून भलभलत्या वस्तू उतरतात, कधी तर लपलेली माणसंसुद्धा. सोळाही पानांवर शेडचा मालक जयराज याने सह्या केल्या होत्या.

बारा वर्षं जयराजचा बेदाणा दुसऱ्याच्या नावाच्या खोक्यांतून परदेशी गेला होता. यंदा पहिल्यांदा खोक्यावर मळेवाडी हे नाव छापलं होतं. हा एक कंटेनर बिनडागाचा पोचला तर वर्षभर महिन्याला एक. डाग लागला तर रामराम. हे त्याने इतक्या वेळा, इतक्या जणांना सांगितलं होतं की गोठ्यातली म्हैसही आता त्याच्याकडे काळजीने बघायची.

आत खोकी चढत होती आणि बायका गात होत्या. कंटेनरच्या बिजागऱ्या तपासणारा जयराजही ऐकत क्षणभर थांबला होता.

*वेलीच्या गं लेकी माझ्या, उन्हामंदी गोड झाल्या,*
*पानाआड लपणाऱ्या, आज दर्यापार गेल्या.*

गाण्याची शेवटची ओळ बायकांच्या ओठांतच राहिली. दोन वाजायच्या आत निघायला हवं होतं. ड्रायव्हर मल्हारने इंजिन चालू केलं, जयराजने दारं लोटली आणि सील ठोकलं. टक्क!

"साहेब," फाटकावरून हवालदार म्हणाले, "एक जण आत हाय."

"आत कोण न्हाई. मी स्वतः बघितलंय."

"वहीत बाहेर पडल्याची येळ न्हाई, साहेब. नंबर चौदा—"

"हवालदार, बंदराचं फाटक उद्या संध्याकाळी बंद होतंय. तुमची वही नंतर. गाडी सोडा."

"पर साहेब—"

"हुकूम हाय माझा!"

हुकूम हा शब्द ऐकल्यावर चोवीस वर्षांच्या सवयीने हवालदारांची टाच टाचेला लागली आणि हात आपोआप कडीकडे गेला. फाटक उघडलं. कंटेनर गेला. धुरळा बसला. आणि ऑफिसात जयराजची बायको क्रांती, विश्रामबागच्या कॉलेजातली एम.कॉम., सोळाव्या पानावरच्या शेवटच्या अटीप्रमाणे वहीच्या पानाचा फोटो काढून रॉटरडॅमला पाठवत होती. फोटोखाली तिने इंग्रजीत सगळ्या नावांचा तर्जुमाही दिला. क्रांती कामाला चोख होती.

साडेतीनला फोन वाजला.

पलीकडे रॉटरडॅमच्या सुरक्षा विभागातल्या बाई होत्या. आवाज थंड, पण आत कुठेतरी थरथरणारा. क्रांती ऐकत गेली आणि हळूहळू खुर्चीवरून उठत गेली. फोन ठेवला तेव्हा ती पूर्ण उभी होती.

"आवं," ती जयराजला म्हणाली, "आपल्या कंटेनरात एक बाई आहे."

"काय?"

"मनुबाई नावाची. दहा वीसला आत गेली, बाहेर आलीच नाही. त्या म्हणतात, गाडी आहे तिथं थांबवा. बाईला हवा मिळत नसेल. सील तुम्ही स्वतः तोडायचं, ज्यानं नोंद केली तो माणूस हजर पाहिजे, आणि सगळं त्यांना फोनवर दिसलं पाहिजे. ती देवी आहे हे सांगायला त्यांनी उसंतच दिली नाही."

जयराजने फाटकाकडे पाहिलं. हवालदार ताठ उभे होते. चेहऱ्यावर 'मी सांगत होतो' असा भाव नव्हता, आणि त्यामुळेच जयराजला जास्त राग आला.

"हवालदार! तुमी देवीला पास दिला?"

"व्हय साहेब. इनापास सोडायला पायजे हुती का?"

रंगूबाई धावत आली. "मालक, चुकलं माझं. मला वाटलं, गाडी बंदरावर जाईल, माल उतरवंल, आन मल्हार तिला आणंल माघारी. नेहमीसारखं."

"मावशी, माल उतरत न्हाई तिथं! सगळा डबाच बोटीत चढतोय!"

"आगं बाई," रंगूबाई खाली बसली. "आन ती तिकडं एकलीच? भाषा बी येत न्हाई तिला."

चौघं गाडीत बसली. आष्टा मागे पडलं, पेठ नाका आला, महामार्ग लागला. जयराजने मल्हारला फोन करून सांगितलं, "कराडच्या पुढं जाऊ नको. आत बाई हाय असं रॉटरडॅमचं म्हणणं हाय." तो पुढे सांगणार होता की बाई म्हणजे कोण, पण तेवढ्यात रेंज गेली.

कराडजवळच्या हॉटेलापाशी ते पोचले तेव्हा कंटेनरभोवती शंभरेक माणसं जमली होती. मल्हार घामाघूम होऊन पत्र्याला तोंड लावून बोलत होता.

"ताई, घाबरू नगा! मालक येत्यात! बसून ऱ्हावा, लय हालू नगा!"

"रडायचा आवाज आला मला," एक जण छातीवर हात ठेवून सांगत होता.

"रडायचा न्हाई, खोकल्याचा," दुसऱ्याने दुरुस्ती केली.

"ताईंस्नी भूक लागली आसंल," हॉटेलवाला म्हणाला. त्याने मिसळीचं ताट भरूनही आणलं होतं, आणि ते कुठून आत सारावं यावर तीन जणांचं तीन दिशांना एकमत झालं होतं.

जयराज गर्दीत शिरला आणि ओरडला, "बाई न्हाई वो आत! देवी हाय!"

मग मागून कुणीतरी हळूच पायातल्या चपला काढल्या. बघता बघता शंभर माणसांनी चपला काढल्या.

हवालदारांनी मात्र लगेच कामाला सुरुवात केली. हॉटेलवाल्याकडून सुतळी आणली, कंटेनरभोवती बांधली आणि सगळ्यांना सुतळीबाहेर उभं केलं. "दर्शन मिळंल. पर लायनीच्या आत नोंद असल्याबिगर कोण येणार न्हाई." लोक इतक्या शिस्तीत उभे राहिले की महामार्गावरून जाणाऱ्या दोन गाड्या जत्रा समजून थांबल्या.

क्रांतीने फोन धरला. त्यात रॉटरडॅमच्या बाई दिसत होत्या: पिकले आखूड केस, चष्मा, आणि मागे एक भलामोठा खिडकीभर ढग. जयराजने सील कापलं. दार उघडलं. अगदी दारापाशीच्या खोक्यावर, हिरव्या खणात, गळ्यात चौदा नंबरचा पास घालून मनुबाई बसली होती. पेठ नाक्याचे सगळे खड्डे सोसून तिचं कुंकूसुद्धा हललं नव्हतं.

"आई गं," रंगूबाई म्हणाली, आणि तिने तिला उचलून पदराने पुसलं.

"ती स्त्री कुठे आहे?" फोनमधून प्रश्न आला.

क्रांतीने फोन टाकाजवळ नेला. "हीच."

रॉटरडॅममध्ये मागचा ढग खिडकीच्या या टोकापासून त्या टोकाला गेला. मग बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि एकेक शब्द सुटा करून बोलायला लागल्या. क्रांती ऐकून सांगत होती.

"त्या म्हणतात, कोणी दुखावलं नाही याचा आनंद आहे. पण वहीतली नोंद खोडता येत नाही. खाडाखोड म्हणजे सगळ्यात मोठा डाग. त्यांच्या कॉम्प्युटरला तीनच तऱ्हेची माणसं माहीत आहेत: कर्मचारी, पाहुणा, ड्रायव्हर. पाहुणा एकटाच सीलबंद कंटेनरात सापडला, तर माल परत आणि करार रद्द."

"मग ड्रायव्हर म्हना!" सुतळीबाहेरून सल्ला आला.

"मग मी कोण?" मल्हार कळवळून म्हणाला.

जयराजचा चेहरा उतरला होता. बारा वर्षं, आणि मळेवाडीचं नाव छापलेली ती खोकी उघड्या दारातून त्याच्याकडे बघत होती. तेव्हा क्रांतीच फोनमध्ये म्हणाली, "मॅडम, ती पाहुणी नाही. आम्ही कोणी नव्हतो तेव्हापासून ती इथं आहे. माल निघाला की त्याच्यासोबत जायचं, हेच तिचं काम."

पलीकडे की-बोर्डचा आवाज झाला. बाई म्हणाल्या, "मग ती कर्मचारी." आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी सैल झालं. "कर्मचाऱ्याला दोन गोष्टी लागतात. गावातल्या अधिकाऱ्याकडून वर्तणुकीचा दाखला आणि सुरक्षेचं प्रशिक्षण. उद्या तुमच्या सकाळी अकरापर्यंत. मला फक्त रकाने भरलेले दिसले पाहिजेत."

कंटेनर पुन्हा सगळीकडून तपासला गेला, नवं सील बसलं. मल्हारला साताऱ्यापर्यंत जाऊन निरोपाची वाट बघायला सांगितलं. कागद पोचले तर बंदर, नाहीतर माघारी. लोकांनी सुतळीच्या रांगेतून दर्शन घेतलं आणि हॉटेलवाल्याने ती मिसळ मल्हारला दिली.

सकाळी आठ वाजता शेडच्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे मनुबाईला पाटावर बसवलं होतं. प्रशिक्षणाचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ तिने शांतपणे पाहिला. शेजारी रंगूबाई बसली होती. मग परीक्षा. दहा प्रश्न. क्रांती वाचून दाखवत होती आणि रंगूबाई कानात कुजबुज आल्यासारखी मान हलवून उत्तरं देत होती.

"माल भरायच्या जागी अनोळखी माणूस दिसला तर काय कराल?"

"त्येला म्हनायचं, कुणाचा रं तू, बाबा? बस, च्या पी. आन मग सगळं काढून घ्यायचं त्येच्याकडनं."

"म्हणजे 'ब'. विचारपूस करून वरिष्ठांना कळवीन." क्रांतीने खूण केली. "सहकाऱ्याच्या वागण्यात अचानक बदल दिसला तर?"

"आंगारा लावायचा."

"हे त्यात नाही, मावशी."

"मग चुकू दे एक. परत्येकाला सगळं कुठं येतंय."

दहापैकी आठ आले. सर्टिफिकेट छापून निघालं, आणि रंगूबाईने ते टाकाखाली खणासारखं अंथरलं.

दाखल्यासाठी जयराज स्वतः पोलीस पाटील बाळासोंकडे गेला. बाळासोंनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत. हात धुऊन आले, शिक्का काढला आणि विचारलं, "श्रीमती लिवू का सौभाग्यवती?"

"ते कधी विचारलंच न्हाई वो कुणी."

"मग श्री लिवतो. तिला समदं चालतं." आणि त्यांनी एका दमात लिहून काढलं:

*दाखला देण्यात येतो की, श्री मनुबाई, राहणार मळेवाडी, ओढ्याकाठी, यांना मी लहानपणापासून, म्हणजे माझ्या लहानपणापासून, ओळखतो. वर्तणूक चांगली. गावात येऊन-जाऊन सगळ्यांशी सलोखा. यांच्यावर कोणताही गुन्हा नोंद नाही. दोन सालांमागे पावसाबद्दल काही ग्रामस्थांची तोंडी तक्रार होती, ती आपसात मिटलेली आहे. या कोठेही गेल्या तरी परत येतात, सबब परदेशी माल पाठवण्याच्या कामी यांच्यावर भरवसा ठेवण्यास हरकत नाही.*

खाली सही, शिक्का. क्रांतीने त्याचा शब्दन् शब्द इंग्रजीत करून दहा वाजून चाळीस मिनिटांनी पाठवला. मग सगळे कॉम्प्युटरकडे बघत बसले. अकराला तीन मिनिटं कमी असताना उत्तर आलं. एक ओळ: *मंजूर. गाडी जाऊ द्या.*

जयराजने साताऱ्याला फोन लावला, "मल्हार" अशी हाक मारली आणि तो हवालदारांच्या हातात दिला. पुढचं हवालदारांनी सांगितलं. "ड्रायव्हर, आगे बढ!"

कंटेनर पोचला. बेदाणा पसंत पडला. वर्षाचा करार आला, आणि महिन्याने दुसरा कंटेनर शेडपुढे उभा राहिला. सकाळपासून गडबड. रंगूबाई मनुबाईला घेऊन आली. दोघींच्या गळ्यात फोटोचे पक्के पास. या वेळी मनुबाईने फाटकापर्यंतच सोबत करायची, असं ठरलं होतं. हवालदारांनी दोघींना आत सोडलं, वेळ लिहिली.

मागोमाग जयराज आला. हात आडवा झाला.

"काय हवालदार?"

"साहेब, तुमी आत जाऊ शकत न्हाई."

"काय म्हनता? मालक हाय मी!"

हवालदारांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. रॉटरडॅमहून आलेली मंजूर माणसांची यादी, आणि खाली एक टीप. क्रांतीने फाटकाच्या आतून ती वाचून दाखवली. तिला हसू आवरत नव्हतं. "मागच्या वेळच्या फोटोंमध्ये, तीन, पाच आणि आठ नंबरच्या, पांढऱ्या शर्टातला एक गृहस्थ कंटेनरच्या दारात वारंवार दिसतो. त्याचं नाव वहीत नाही, पास नाही, दाखला नाही. तो कोण आहे हे कळेपर्यंत त्याला मालाजवळ येऊ देऊ नये."

"हवालदार, तवा मला का न्हाई आडवलं?"

"तवा तसा हुकूम न्हवता, साहेब. आता हाय."

जयराज तडक बाळासो पाटलांकडे गेला. पाटलांनी हात धुतले, शिक्का काढला, कोरा कागद पुढे ओढला. 'वर्तणूक' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. त्यांनी जयराजकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. मग बांधावरून झालेली भांडणं, ग्रामपंचायतीची निवडणूक आणि आणखी काय काय त्यांच्या डोळ्यांपुढून सावकाश गेलं असावं.

"मनुबाईचं एका बैठकीत झालं," ते म्हणाले. "तुमचं जरा इचार करून लिवावं लागंल. परवा या."

जयराज परत आला आणि फाटकाबाहेर उभा राहिला. आत खोकी चढत होती. एकेका खोक्यावर मळेवाडी. बायकांनी सूर धरला होता. रंगूबाईला तो दिसला तशी ती हातातलं सोडून पुढे आली.

"हवालदार, सोडा की त्येंस्नी. आमी वळखतो मालकांस्नी! लय चांगला मानूस हाय!"

बाकीच्या बायकांनीही माना डोलावल्या. बारा वर्षांत एवढं कौतुक एकदम जयराजच्या वाट्याला आलं नव्हतं. तो हलकेच हसला.

"तोंडी चालत न्हाई," हवालदार म्हणाले. "लेखी आणा."

मग त्यांनी आपली खुर्ची उचलली, फाटकाच्या रेघेबाहेर लिंबाच्या सावलीत ठेवली, रुमालाने झटकली, आणि स्वतः उभेच राहून म्हणाले, "बसा साहेब. हितनं बी सगळं दिसतंय."